चिंता, प्रार्थना आणि आभार : फिलिप्पै ४:६ रोजच्या वापरात कसं आणायचं?

ओंजळ (धागाकर्ती)

फिलिप्पै ४:६ हे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं वचन: ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.’ ‘चिंता करू नकोस, प्रार्थना कर’ असं सांगणारे मंडळीत (चर्चमध्ये) पुष्कळ भेटतात. प्रार्थनेला बसल्यावर नेमकं काय करायचं, ते मात्र क्वचितच कुणी सांगतं. म्हणून हा धागा. उपदेश नको, पद्धत हवी. वचनांचे संदर्भ द्या म्हणजे ज्याला त्याला उघडून पाहता येईल.

माझ्यासमोर तीन प्रश्न आहेत. प्रार्थनेला बसलं की पुष्कळांची चिंता कमी व्हायच्या ऐवजी वाढते, ते का? आभार आधी मानायचे की मागणी आधी करायची? आणि रात्री देवावर टाकलेली चिंता सकाळी पुन्हा दारात हजर असेल, तर रात्रीची प्रार्थना फुकट गेली असं समजायचं का?

चष्मेवाला

आधी वचन नीट वाचू. निम्मा गुंता तिथेच सुटतो.

‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ इथपासून आपण पाठ करतो. पण त्याच्या लगेच आधी, पाचव्या वचनाच्या शेपटाला, ‘प्रभू समीप आहे’ हे एवढंसं वाक्य आहे. पौलाच्या पत्रात वचनांचे आकडे नव्हते. नव्या करारात आज दिसतात ते आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली छापले. आकडा मध्ये आला आणि दोन वाक्यांची ताटातूट झाली. जोडून वाचा: प्रभू समीप आहे, कशाची चिंता करू नका. नुसती आज्ञा दटावल्यासारखी वाटते. कारण शेजारी आलं की तीच आज्ञा धीर देते.

पुढे मूळ ग्रीकमध्ये चार शब्द आहेत. ‘प्रोस्यूखे’ म्हणजे देवाकडे तोंड करून केलेली प्रार्थना, ‘देएसिस’ म्हणजे गरजेपोटी केलेली विनवणी, ‘यूखारिस्तिया’ म्हणजे आभार आणि ‘आइतेमाता’ म्हणजे मागण्या. शेवटचा शब्द अनेकवचनी आहे. एकेक मागणी, सुटी सुटी. ‘देवा, सगळं बघ’ एवढ्यावर पौल थांबत नाही.

आणि सातवं वचन. देवाची शांती तुमची अंतःकरणं व विचार ‘राखील’, यातलं ‘राखणं’ गुराख्याचं नाही, पहारेकऱ्याचं आहे. करिंथकरांस दुसरे पत्र ११:३२ मध्ये दिमिष्क (दमास्कस) शहरावर पहारा बसवल्याचं सांगताना हेच क्रियापद येतं. फिलिप्पै ही रोमी वसाहत, तिथे निवृत्त शिपाई वसवलेले. त्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नव्हती. पौल स्वतःही तेव्हा बंदिवासात होता (१:१३). मागितलेलं मिळेलच, असं सातवं वचन म्हणत नाही. पहारा बसेल, असं म्हणतं. पहारा लागतो तो शत्रू अजून वेशीबाहेर असतानाच.

अजून एक. सहाव्या वचनातलं ‘चिंता करणं’ हे क्रियापद याच पत्रात २:२० मध्ये पौलाचा सहकारी तीमथ्य याच्याबद्दल आलंय, तेही कौतुकाने: तुमची खरी काळजी वाहील असा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. तेव्हा काळजी वाटली की लगेच पाप घडलं, हा हिशेब पत्रातच बसत नाही.

कोरा_कागद

वरच्या प्रतिसादाला +१. आता पद्धत. पंधरा मिनिटं, वही, पेन. फोन दुसऱ्या खोलीत, कारण वहीचं ॲप उघडायला गेलेला हात निरोप वाचून परत येतो.

पहिली दोन मिनिटं एक छोटं स्तोत्र मोठ्याने वाचा. २३, १२१ किंवा १३१. १३१ तर तीनच वचनांचं आहे. निवडण्यात वेळ घालवू नका. आठवडाभर एकच चालेल.

पुढची चार मिनिटं डोक्यातली प्रत्येक चिंता एका ओळीत लिहा. दुसऱ्या ओळीवर गेलात तर ती चिंता राहत नाही, कादंबरी होते. यादी झाली की त्यातल्या तीनच निवडा. बाकीच्या उद्यासाठी.

आता प्रत्येक चिंतेची मागणी करा. चिंतेचं वाक्य बहुधा ‘...तर?’ वर संपतं. मागणीचं वाक्य ‘दे’, ‘कर’, ‘राख’ वर संपलं पाहिजे. वहीत असं दिसेल:

चिंता: तपासणीचा रिपोर्ट वाईट आला तर?
मागणी: बरं कर. डॉक्टरांना नीट निदान करता येऊ दे. गुरुवारी रिपोर्ट हातात येईपर्यंत रोजची कामं करायला मन ताळ्यावर राख.
आभार: दुखणं अंगावर न काढता तपासणी झाली. बहीण सोबत येणार आहे. काल सलग पाच तास झोप लागली.
काम: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहिणे.

‘बरं कर’ हे सरळ लिहायला लाजू नका. ‘तुझी इच्छा असेल तसं’ हे खरं मनातून येत असेल तर जरूर लिहा. पण नकार आलाच तर वाईट वाटू नये म्हणून आधीच अंथरलेली गादी असेल, तर ती काढून टाका. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूच्या प्रार्थनेत ‘हा प्याला टळून जावो’ आधी आलं, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ नंतर.

आभारांचे नियम दोन. कालच्या चोवीस तासांतलं काहीतरी हवं आणि तीनपैकी निदान एक आभार त्याच चिंतेच्या विषयातला हवा. ‘कुटुंब, आरोग्य, निवारा’ ही रोजची त्रयी चार दिवसांत निर्जीव होते. हात लिहितो, मन भलतीकडेच असतं.

शेवटी सगळं आवाजात वाचायचं, आमेन म्हणायचं, वही मिटायची. ‘काम’ या ओळीत काही असेल तर उठून तेवढं करायचं.

ओंजळ

कोरा_कागद, हे उपयोगी आहे. पण मागणी गुरुवारच्या रिपोर्टपर्यंतचीच का? रिपोर्टनंतरच्या उपचारांची काळजी आजच असते.

कोरा_कागद

कारण प्रभूच्या प्रार्थनेत भाकर ‘रोजची’ आहे आणि ती ‘आज’ मागितली आहे (मत्तय ६:११). त्याच अध्यायाच्या शेवटी ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’. अरण्यात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, तेसुद्धा एका दिवसापुरताच गोळा करायचा होता. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यात किडे पडले (निर्गम १६:२०).

मात्र याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलंय, शब्बाथासाठी (विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी), आणि तो साठा नासला नाही. म्हणजे उद्याची तयारी वर्ज्य नाही. उपचारांचा खर्च कुठून करायचा याची आकडेमोड आज करता येत असेल तर ती ‘काम’ या रकान्यात जाते. आकडेमोड एकदा होते आणि संपते. तीच आकडेमोड रात्री अकराव्यांदा सुरू झाली, की ती चिंता.

पायवाट

आभार आधी की मागणी, यावर. पौलाने ‘आभारप्रदर्शनासह’ म्हटलंय, म्हणजे बरोबर. क्रम त्याने ठरवून दिलेला नाही. परंपरेत मात्र दोन्ही क्रम सापडतात.

येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक, लोयोलाचा इग्नाटियस, याची ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्य केली. त्यात दिवसाच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत आणि पहिलाच टप्पा मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार. मग स्वतःची पापं ओळखण्यासाठी कृपा मागणं, दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. आधी आपल्याकडे काय आलंय ते मोजायचं, मग चुकांकडे वळायचं. आपण बहुतेक जण थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतो आणि स्वतःला झोडत बसतो.

उलट क्रम स्तोत्र १३ मध्ये. सहाच वचनं. पहिल्या दोनमध्ये ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा. तिसऱ्या-चौथ्यात मागणी. पाचव्यात ‘पण मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे’ अशी कलाटणी आणि सहाव्यात गायन. इथे आभाराला शेवटी जागा मिळाली.

माझं मत: साधी रोजची काळजी असेल तर आभार आधी. छातीवर धोंडा असेल तर गाऱ्हाणं आधी. धोंड्याखालून ‘धन्यवाद प्रभू’ म्हटलं तर आवाज फुटत नाही, आणि फुटलाच तर खोटा निघतो.

तिरका_कंस

नेहमीची पळवाट काढू नका. ‘सर्व स्थितीत आभार माना’ (१ थेस्सलनीका ५:१८) म्हणजे परिस्थिती‘मध्ये’, परिस्थिती‘बद्दल’ नाही, असं सगळेच सांगतात. इफिसकरांस ५:२० मध्ये मग ‘सर्व गोष्टींबद्दल’ आहे त्याचं काय?

चष्मेवाला

हरकत रास्त आहे. ५:२० मधलं शब्दयोगी ‘ह्यूपेर’ आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘बद्दल’ असाच होतो. ते झाकायचं कारण नाही.

पण मग पौल प्रत्यक्ष काय करतो ते बघा. पौलाचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी पोचला होता (फिलिप्पै २:२७). त्या दुखण्याबद्दल पौलाने आभार मानलेले नाहीत. देवाने त्याच्यावर दया केली आणि ‘मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून’ माझ्यावरही केली, असं तो लिहितो. दुखण्याला दुःखच म्हटलंय, उपकार म्हटलेलं नाही. म्हणून कुणाच्या घरी मृत्यू झाला असताना ‘यासाठीही आभार मान’ असं सांगणाऱ्याने इफिसचा दाखला देऊ नये. देव वाइटातूनही चांगलं घडवतो हा विश्वास आहे. वाईट हेच चांगलं, असं कुठे म्हटलेलं नाही.

तिरका_कंस

मान्य. पण शेवटी आभार नसतीलच तर ती प्रार्थना अपुरी का?

पायवाट

स्तोत्र ८८ उघडा. शेवटचा शब्द ‘अंधार’. आभार नाहीत, कलाटणी नाही. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे आणि कुणी शेवटी दोन ओळी जोडून ते ‘दुरुस्त’ केलं नाही. आभार सुचत नसतील त्या दिवशी हेच मोठ्याने वाचावं. पहिल्या वचनात ‘हे माझ्या उद्धारक देवा’ एवढी हाक आहे. त्या दिवसापुरती तेवढी पुरे.

सुईदोरा

मी फक्त बिघाडांबद्दल लिहिते.

पहिला बिघाड: प्रार्थनेच्या नावाखाली चिंतेचा रवंथ. ओळखायचं कसं? दहा मिनिटं झाली आणि वाक्यांचा कर्ता अजून ‘मी’ किंवा ‘ते लोक’ आहे, ‘तू’ एकदाही आलेला नाही. यहूदाच्या हिज्कीया राजाने अश्शूरच्या राजाकडून आलेलं धमकीचं पत्र परमेश्वरापुढे पसरलं (२ राजे १९:१४) तेव्हा प्रार्थना कशी रचली ते पाहा. आधी तू कोण आहेस. मग पत्रात काय आहे. मग सरळ कबुली, की अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं उद्ध्वस्त केली हे खरं आहे (वचन १७). मग एक मागणी, ‘आम्हांला सोडव’. सगळी मिळून पाच वचनं. संकट त्याने लहान करून सांगितलं नाही, पण एकदाच सांगितलं.

दुसरा: तुलनेचे आभार. ‘निदान आपलं त्यांच्यासारखं नाही.’ हे आभार मंदिरात एकाने मोठ्या थाटात मानले होते. तो परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला (लूक १८:११). ‘देवा, मी तुझे आभार मानतो’ हीच त्याची सुरुवात! घरी नीतिमान ठरून गेला तो शेजारी उभा असलेला, लोक पापी समजत असलेला जकातदार. शिवाय तुलनेचा उतारा टिकत नाही. आपल्याहून बरं चाललेला माणूस भेटला की संपला.

तिसरा: जकात म्हणून आभार. तीन आभार भरले की मागणी पुढे सरकेल, असा हिशेब. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३, रिफॉर्म्ड प्रोटेस्टंट मंडळ्यांची शिकवणीची पुस्तिका) प्रार्थनेला कृतज्ञतेचा मुख्य भाग म्हणते, प्रश्न ११६. म्हणजे आभार हे मागणीचं शुल्क नाही. मागणं हाच आभाराचा प्रकार आहे. ज्याने आधी दिलंय त्याच्याकडेच माणूस पुन्हा हात पसरतो.

चौथा, आणि हा मंडळ्यांत फार: प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली परक्याची गोष्ट चव्हाट्यावर. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी काय चाललंय माहीत आहे ना...’ दुसऱ्याची चिंता गटात सांगण्याआधी त्याची परवानगी घ्या. मिळाली नाही तर ‘एका कुटुंबासाठी’ एवढंच म्हणा. देवाला पत्ता माहीत आहे.

ओंजळ

सुईदोरा, शेवटचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं! तिसरा प्रश्न अजून राहिलाय. टाकलेली चिंता परत येते त्याचं काय? आणि रात्री तीन वाजता वही कोण उघडणार?

चष्मेवाला

१ पेत्र ५:७ मधलं ‘टाका’ हे क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतं, लूक १९:३५ मध्ये. शिष्यांनी आपली वस्त्रं शिंगरावर टाकली, तिथे. ओझं आपल्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर. आणि व्याकरणाने पाहिलं तर सातवं वचन स्वतंत्र आज्ञा नाही, सहाव्या वचनातल्या ‘लीन व्हा’ला जोडलेलं आहे. चिंता टाकणं म्हणजे लीन होण्याची रीत. ‘हे माझ्याच्याने उचलत नाही’ ही कबुली त्यात आली. म्हणून ‘एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला कशाला त्रास’ हा विनय दिसायला छान, पण वचनाच्या उलट.

परत येण्याबद्दल: येशूने गेथशेमानेत तीन वेळा, तेच शब्द पुन्हा म्हणून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). पौलाने ‘शरीरातला काटा’ म्हटलेल्या त्रासाबद्दल तीनदा विनंती केली. पुन्हा मागावं लागलं म्हणजे पहिली वेळ वाया गेली, असं कुणी म्हणत नाही.

कोरा_कागद

वहीच्या भाषेत: तीच चिंता परत आली तर नवी मागणी लिहायची नाही. जुन्या ओळीपुढे फक्त तारीख टाकायची आणि ‘हे तुझ्याकडे दिलंय’ एवढं म्हणायचं. पुढे मागे बघताना एका ओळीपुढे तीन तारखा आणि दुसरीपुढे सतरा दिसतात. सतरावाली ओळ विश्वासू, समजूतदार माणसाशी बोलायची.

आठवड्याचा एक वार ठरवून मागची पानं वाचा आणि प्रत्येक मागणीपुढे काय झालं ते लिहा. ‘मिळालं’, ‘नाही’, ‘वेगळंच झालं’, ‘अजून नाही’. ‘नाही’ लिहायला कचरू नका. नुसती ‘मिळालं’ असलेली वही खोटी पडते आणि पुढच्या अडचणीत आधार देत नाही. ‘त्याचे सर्व उपकार विसरू नको’ हे स्तोत्र १०३:२ सांगतं तेव्हा माणूस विसरतो हे गृहीतच धरलंय. वही त्या विसरण्यावरचा उपाय.

सांजवारा

रात्रीचं मी सांगतो. तीन वाजता यादी करू नये, दिवा लावून वचनं शोधू नयेत. त्या वेळी डोकं वकिलासारखं चालतं, प्रत्येक वचनाला उलटतपासणी. छोटी, पाठ असलेली एक ओळ श्वासाबरोबर म्हणावी. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत येशूची प्रार्थना अशीच म्हणतात: श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. श्वास सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांबवावं, मोजत बसू नये. किंवा स्तोत्र ४:८, मी स्वस्थपणे पडून लगेच झोपी जातो. वीस-एक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठून खुर्चीत बसावं आणि डोळे जड झाले की परत यावं. अंथरूण हे तळमळीचं ठिकाण होऊ देऊ नये.

उशाशी कागदाचा कपटा ठेवायला हरकत नाही. चिंतेचा एकच शब्द लिहायचा: ‘हप्ता’, ‘निकाल’. बाकी सकाळी.

तिरका_कंस

एवढं सगळं करूनही काहींना फरक पडत नाही. त्यांना ‘विश्वास कमी’ हे लेबल लावून मोकळे होणार का?

सुईदोरा

अजिबात नाही. चिंता महिनोन्‌महिने जवळजवळ रोज आहे, झोप उडालीय, जेवण सुटलंय, छाती धडधडते, कामावर जाणं टळतंय, यातलं काही असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी, आणि माणसाला एकटं सोडू नये. चालू गोळ्या ‘विश्वासाने’ स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. काही औषधं एकदम सोडली तर त्रास उसळतो.

यात विश्वासाला कमीपणा नाही. पौलाने तीमथ्याला पोटासाठी व वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). त्याचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). आणि एलीया संदेष्टा ‘माझा जीव घे’ म्हणाला तेव्हा देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवू घातलं (१ राजे १९). बोलणं नंतर झालं.

पायवाट

यात मूल होत नव्हतं त्या हन्नाची भर घालतो (१ शमुवेल १). ती मनातल्या मनात बोलत होती, ओठ हलत होते. एली याजकाला वाटलं, प्यायलीय. आपल्या चिंतेचं व त्रासाचं बोलत होते, असं तिने त्याला सांगितलं. मग ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. मूल अजून पोटातही नव्हतं.

ओंजळ

जेवली, हे इतक्या वेळा वाचूनही नजरेतून सुटलं होतं. कोरा_कागद, रकाने किती रुंद ठेवता? चिंतेला मोठी जागा दिली की ती भरेपर्यंत लिहिलं जातं.

कोरा_कागद

चिंतेला एक ओळ, मागणीला तीन, आभाराला तीन, कामाला एक. समासात तारखा. उजवं पान कोरं, काय झालं ते लिहायला.